जुन्या अ‍ॅम्बॅसेडर-पद्मिनीचा फ्लोअर साफ करून पुन्हा सील करताना

जुनी गाडी दाखवताना विकणारा आधी बॉनेट उघडतो, इंजिन चालू करून दाखवतो आणि रंगाचे कौतुक करतो. पायाखालची रबरी मॅट स्वतःहून उचलून दाखवणारा विरळाच. पुढच्या खर्चाचा मोठा हिस्सा मात्र त्या मॅटखालीच ठरलेला असतो. इंजिनाचे बरेचसे सुटे भाग शोधल्यावर मिळतात, पण अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याच्याही बरेच आधी, आणि त्यामुळे तयार फ्लोअर मागवून बसवू म्हणाल तर ते होत नाही. बहुतेक वेळा तो पत्रा कापून, ठोकून हातानेच घडवावा लागतो. शिवाय या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासिस नसते. फ्लोअर, दाराखालच्या सिल आणि त्यांना जोडणारे आडवे पोकळ भाग मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणून सडलेला फ्लोअर हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसून गाडीच्या मजबुतीचा प्रश्न आहे.

आपला मराठवाड्याचा भाग कोरडा आहे, इथे कोकणासारखा गंज चढत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. पावसाळ्यात चाकांनी उडवलेली काळी माती फ्लोअरच्या खालच्या घडीत, सिलच्या कडेला आणि पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ जाऊन बसते. ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि वरून कोरडी दिसत असतानाही आतून ओलसर राहते. त्यात गाडी गावाकडची असेल तर मागच्या सीटवर आणि डिकीत खताच्या गोण्या वाहिलेल्या असतात. युरिया आणि पोटॅश सांडलेली जागा हवेतली ओल ओढून घेते, आणि पोटॅशमधील क्लोराइड तर पत्र्याचा शत्रूच. गोठ्याला लागून उभ्या केलेल्या गाडीत उंदरांनी सीटखाली घर केलेले असेल, तर त्यांच्या मुतारीच्या जागी पत्रा चाळणीसारखा झालेला सापडतो.

या साऱ्या कामात एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी: फ्लोअर सडतो तो पाणी आत आल्यामुळे कमी, आणि आलेले पाणी बाहेर न पडल्यामुळे जास्त. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने वाचावी.

१. हंगाम आणि जागा

फेब्रुवारी-मार्च हा या कामाचा उत्तम काळ. हवा कोरडी असते, पत्रा फार तापत नाही आणि पुढे पावसाळ्यापर्यंत उसंत मिळते. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी दुपारी हात लावू देत नाही, आणि अशा पत्र्यावर दोन भागांचा (हार्डनर कालवून लावायचा) प्रायमर नीट पसरण्याआधीच घट्ट होऊ लागतो. उन्हाळ्यातच करायचे झाले तर रंगाचे काम सकाळी दव उडाल्यावर सुरू करून ऊन चढण्याआधी आटोपावे.

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर असावी. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर गाडी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय खाली डोके घालू नये. विटा, दगड किंवा लाकडी ओंडक्यांची रचना कितीही भक्कम दिसली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण वीट दबत नाही, एकदम फुटते. गॅरेजमधल्या खड्ड्यात उतरून खालची बाजू रंगवणे सोयीचे वाटते, पण थिनर आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यातच साठते. तिथे गुदमरण्याचा आणि ठिणगीने पेट घेण्याचा धोका असतो.

२. कागदपत्रे आणि छायाचित्रे

पत्र्याला हात लावण्यापूर्वी आरसी पुस्तकावरील चासिस क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप उतरवून घ्यावा. हा क्रमांक जिथे ठोकलेला आहे त्या जागी ग्राइंडर लावू नये आणि जाड रंगही चढवू नये, कारण नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज नोंदणीची तरतूद झाली आहे. तिच्यात चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. तुमची गाडी त्या वयाची असेल तर दुरुस्ती मूळ आकाराला धरूनच करावी, आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे व बिले जपून ठेवावीत.

३. साहित्य

• पटाशी, बोथट छिन्नी, हलकी हातोडी, तारेचा ब्रश, ग्राइंडर व त्याला लागणारे तारेचे कप आणि फ्लॅप डिस्क
• हीट गन, व्हॅक्यूम किंवा ब्लोअर, डोक्याला लावायची बॅटरी
• साबणाचे पाणी, रॉकेल किंवा डिग्रीजर, स्वच्छ सुती चिंध्या
• फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक
• दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर, म्हणजे पत्र्यांचे जोड बुजवणारा लगदा, आणि सीलरची गन
• खालच्या बाजूसाठी रबरी अंडरकोट, पोकळ भागांसाठी मेण आणि लांब नळीचा फवारा
• डोळ्यांवर बंद गॉगल, जाड हातमोजे, धुळीचा मास्क आणि रंगासाठी वेगळा कार्ट्रिजचा मास्क
• अग्निशामक सिलिंडर, हाताशी

मास्कच्या बाबतीत काटकसर करू नये. जुन्या रंगांमध्ये आणि प्रायमरमध्ये बऱ्याचदा शिसे असते, त्यामुळे ती धूळ तोंडाला रुमाल बांधून अडत नाही; आणि धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. हे दोन वेगळे मास्क आहेत.

४. आतले सामान काढणे

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. सीटचे बोल्ट बहुधा गंजून धरलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि सकाळी एकदम जोर न लावता थोडे मागे, थोडे पुढे करत सोडवावेत. जोर लावला तर बोल्ट तुटतो, नाहीतर सडलेल्या पत्र्यातून नटासकट फिरत राहतो. रबरी मॅट, तिच्याखालचा नमदा (जाड फेल्टचा थर), दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या असे क्रमाने काढावे आणि प्रत्येक वस्तू कोठून निघाली याचे चित्र घ्यावे. वायरिंगचा गुच्छ फ्लोअरच्या कडेने जात असेल तर तो मोकळा करून वर बांधून टाकावा.

सीटच्या रुळांसारखे सुटे होणारे लोखंडी भाग गंजले असतील तर आपल्याकडे एक स्वस्त उपाय आहे. पशुखाद्यासाठी मिळणारी उसाची मळी (मोलॅसिस) एक भाग आणि पाणी नऊ भाग असे द्रावण प्लास्टिकच्या टपात करून त्यात हे भाग आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवले की गंज सुटतो आणि चांगले लोखंड फारसे झिजत नाही. वास सहन होणार नाही, म्हणून टप घरापासून लांब ठेवावा. अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नये. फ्लोअरसाठी ही पद्धत निरुपयोगी आहे.

५. पाणी कुठून येते ते आधी शोधणे

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि म्हणून वर्ष-दोन वर्षांत तेच काम पुन्हा करतात. फ्लोअर कोरडा झाल्यावर त्यावर घरातली साधी पांढरी रांगोळी चाळणीने पातळ भुरभुरावी. एकाने आत बॅटरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून बारीक धारेने पाणी सोडावे. सुरुवात खालून, म्हणजे चाकाच्या कमानीतून आणि दाराच्या खालच्या कडेपासून करावी, मग दाराचे रबर, मग समोरच्या काचेखालची हवेची जाळी, आणि शेवटी काचेचे रबर. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमकी वाट कळत नाही. रांगोळीवर ओल उतरली की करड्या रंगाची रेघ उमटते आणि ती रेघ उगमापर्यंत मागे नेता येते.

पेडलच्या मागची रबरी बुचे, स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचे रबर आणि काचेखालच्या जाळीचा पालापाचोळ्याने तुंबलेला निचरा या तीन जागा विशेष पाहाव्यात. पेडलजवळचा द्रव बोटाला बुळबुळीत लागत असेल आणि वाळत नसेल, तर ते पाणी नसून ब्रेक ऑइल असू शकते. ते रंग सोलून काढते, म्हणून आधी ती गळती दुरुस्त करावी. सगळ्या वाटा बंद होईपर्यंत पुढे जाऊ नये.

६. धुणे आणि डांबर उतरवणे

पत्रा घासण्यापूर्वी धुवावा, कारण खताचे क्षार ग्राइंडरने निघत नाहीत, उलट पत्र्यात घासले जातात. वंगण आणि जळके ऑइल असेल तिथे रॉकेलने पुसून मग साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवावे. रॉकेलचा पातळ थर राहिला तर त्यावर कोणताही प्रायमर धरत नाही. पाणी फार लागत नाही. ज्या भागात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे फवाऱ्याने पाणी वाया घालवण्याचे कारणही नाही. बादली, ब्रश आणि चिंधी पुरते. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचे पुसणे गोड्या पाण्याने करावे आणि लगेच ब्लोअरने फटी कोरड्या कराव्यात.

आतल्या बाजूला आवाज दाबण्यासाठी लावलेल्या डांबरी पट्ट्या असतात. जिथे पट्टी घट्ट चिकटलेली आहे आणि कडेने गंज डोकावत नाही, तिथे ती ठेवायला हरकत नाही. जिथे टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो तिथे ती काढलीच पाहिजे, कारण तिच्याखाली ओल आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे डांबर कडक असते आणि पटाशीने खपल्या उडतात. एरवी हीट गनने मऊ करून खरवडावे. गॅसची ज्योत वापरू नये. फ्लोअरच्या खालून पेट्रोलची नळी जाते आणि ती तुम्हाला आतून दिसत नाही.

७. पत्रा ठोकून पाहणे

आता स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळा फ्लोअर हळूहळू ठोकावा. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोक दाबून पाहावे; टोक आरपार गेले तर तो भाग गेलेलाच होता, तुम्ही तो फोडला असे मानून हळहळू नये. खडूने तीन खुणा कराव्यात: वरवरचा गंज, खड्डे पडलेला पण धड पत्रा, आणि बदलायचा पत्रा. सीटचे बोल्ट धरणारी जागा, जॅक लावायची जागा, सिलचा खालचा जोड, पाट्याचे हँगर आणि आडवे पोकळ भाग यांपैकी कशालाही तिसरी खूण लागली, तर काम घरगुती राहिले नाही, हे मान्य करावे.

इथेच नवख्यांना सर्वाधिक फसवले जाते. भोकावर फायबरची पट्टी, त्यावर पुट्टी आणि त्यावर चकचकीत काळा अंडरकोट असा थर चढवून ‘फ्लोअर नवा केला’ असे सांगितले जाते. असा फ्लोअर वर्षभर छान दिसतो. गाडी विकत घेताना खालून ताजा काळा थर दिसला तर खूश होण्याऐवजी संशय घ्यावा आणि चुंबक फिरवून पाहावे. जिथे तो धरत नाही तिथे खाली पत्राच नाही.

८. वेल्डिंग

हे काम जाणत्या वेल्डरकडून करून घ्यावे, पण काय करून घ्यायचे हे तुम्हाला ठाऊक असावे. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकडा होतो; सीओटू (मिग) वेल्डिंग बरे. पत्रा सीआरचा (कोल्ड रोल्ड), १८ किंवा २० गेजचा, म्हणजे साधारण १.२ किंवा ०.९ मिलिमीटर जाडीचा, मूळ पत्र्याशी जुळणारा घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा टाळावा, कारण त्याचा धूर विषारी असतो आणि टाकाही स्वच्छ पडत नाही. सलग टाका न मारता लहान लहान टाके लांब लांब अंतरावर मारत, मध्ये गार होऊ देत काम पुरे करावे.

सिल आणि फ्लोअर दोन्ही सडलेले असतील तर कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे आधार टाकून घ्यावेत आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. असे न केल्यास गाडी मधोमध बसते, आणि मग दारे कितीही ठोकली तरी नीट लागत नाहीत. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची नळी आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्याव्यात, जवळचा नमदा व वायरिंग काढलेले असावे, आणि काम संपल्यावर तासभर तरी गाडीजवळ कोणीतरी थांबावे, कारण धुमसणारा कापूस उशिरा पेटतो.

मजुरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हे काम उक्ते देऊ नये. उक्त्यात कारागिराचे हित लवकर झाकून टाकण्यात असते. रोजाने ठरवावे, आणि प्रायमर लावण्यापूर्वी टाके स्वतः पाहण्याची अट घालावी.

९. गंज उतरवणे

धड पत्र्यावरचा गंज तारेच्या कपाने आणि फ्लॅप डिस्कने उतरवावा; खड्ड्यांतला काळा गंज मात्र घासून पूर्ण निघत नाही, तिथे फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक ब्रशने लावावे. ते गंजाचे फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. डब्यावर जितका वेळ दिला आहे तितकाच ठेवून, सांगितल्याप्रमाणे पुसून किंवा धुऊन काढावे. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी पुढे पापुद्र्याने सुटते. काही ठिकाणी यासाठी संडास धुण्याचे अ‍ॅसिड वापरतात. तसे करू देऊ नये. त्याने पत्रा क्षणात पांढराशुभ्र दिसतो हे खरे, पण त्यातील क्लोराइड जोडांच्या फटीत शिरून बसते आणि आतून गंज पुन्हा सुरू करते.

१०. प्रायमर

उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. थिनरमध्ये भिजवलेल्या एका चिंधीने पुसायचे आणि ते वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या चिंधीने टिपायचे. एकाच चिंधीने पुसत राहिल्यास तेल फक्त पसरते. रेड ऑक्साइड स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे असले तरी फ्लोअरसाठी इपॉक्सीच घ्यावे, कारण ते ओल अधिक चांगली अडवते. दोन भागांचे प्रमाण डब्यावर असते तेच ठेवावे आणि अंदाजे ओतू नये. हार्डनर जास्त टाकल्याने ते लवकर किंवा अधिक पक्के होते हा गैरसमज आहे. एका वेळी तेवढेच कालवावे जेवढे संपेल.

फ्लोअरला स्प्रे गन लागत नाही. इथे कोणी चकाकी बघणार नाही, आणि ब्रशने रेटलेला प्रायमर फटीत आणि खड्ड्यांत अधिक चांगला शिरतो. दोन हात (थर) पुरतात. दोन हातांमधली वेळ डब्यावर दिलेली असते. ती उलटून गेली तर दुसऱ्या हाताआधी पॉलिश पेपरने हलके घासून घ्यावे.

११. जोड सील करणे

फ्लोअरचे पत्रे जिथे एकमेकांवर चढतात आणि टाचलेले असतात, त्या प्रत्येक जोडावर पीयू सीम सीलरची पाच-सहा मिलिमीटर जाडीची सलग रेघ ओढावी आणि लगेच जुन्या कडक ब्रशने फटीत दाबून पसरवावी. नुसती वर ठेवलेली रेघ जोड बंद करत नाही. आतून आणि खालून, दोन्ही बाजूंनी सील करावे. बाजारात ‘तेच आहे’ म्हणून खिडकी-न्हाणीघराचा सिलिकॉन दिला जातो. त्याच्यावर रंग धरत नाही आणि वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा प्रकार तर अ‍ॅसेटिक आम्ल सोडत असल्याने पत्र्याला थेट अपायकारक आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. फ्लोअरमध्ये रबरी बुचांची गोल भोके असतात, आणि सिल तसेच आडव्या पोकळ भागांच्या तळाशी निचऱ्याची लहान भोके किंवा फटी असतात. पहिल्या प्रकारची भोके नव्या बुचांनी बंद करावीत. दुसऱ्या प्रकारची कधीही बुजवू नयेत. सीलिंगला सुरुवात करण्यापूर्वी त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवाव्यात आणि सर्व काम झाल्यावर काढाव्यात, म्हणजे उत्साहाच्या भरात एखादे भोक लिंपले जाणार नाही. उत्तम सील केलेली पण निचरा बुजलेली सिल आतून सडते, आणि बाहेरून ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

१२. खालची बाजू आणि पोकळ भाग

सीलर पूर्ण वाळल्यावर खालून रबरी अंडरकोटचे दोन पातळ हात द्यावेत. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे होज, हँडब्रेकची तार, ड्रम आणि ग्रीसची निपल आधी कागद-टेपने झाकून घ्यावीत. शाफ्टवर एका बाजूला थर बसला तर गाडी वेगात थरथरते. जळके ऑइल फासण्याची गावाकडची रीत सोडून द्यावी, कारण ते धूळ धरून कवच करते, रबरी बुश फुगवते आणि पुढच्या दुरुस्तीत वेल्डिंगच्या ठिणगीने पेट घेते. सिल आणि पोकळ भागांत मात्र अंडरकोट न मारता लांब नळीने पातळ मेण फवारावे, आणि ते निचऱ्याच्या भोकातून ठिबकू लागेपर्यंत थांबू नये. ठिबकले म्हणजे तळापर्यंत पोहोचले.

१३. जोडणी आणि देखरेख

पुन्हा एकदा पाण्याची चाचणी घ्यावी. मग आवाजासाठी ब्युटाइलच्या पट्ट्या फक्त सपाट, थरथरणाऱ्या भागावर लावाव्यात. सगळा फ्लोअर झाकण्याची गरज नसते, एक चतुर्थांश भाग पुरतो. जुना नमदा स्पंजासारखा पाणी पितो, त्याऐवजी पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घ्यावा आणि तो चिकटवू नये, म्हणजे उचलून पाहता येईल. सीटच्या बोल्टांना ग्रीस लावूनच ते बसवावेत.

पावसाळा संपल्यावर दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुतली जातेच. त्या दिवशी हार घालण्याआधी चारही मॅट उचलून खालचा पत्रा हाताने चाचपावा, काचेखालच्या जाळीतला पाचोळा काढावा, चाकांच्या कमानीतली काळी माती धुऊन काढावी आणि सिलच्या प्रत्येक निचऱ्यातून बारीक तार आरपार फिरवून घ्यावी.